सुपलीनं वन्संना पाखडलं

आधी एक स्पष्ट करते. ती सुपली कारखान्यात मी आणलेली नाही, माझ्या सुनेनं आणली. सून मी आणलेली आहे, म्हणून दोष फिरून माझ्याकडंच येतो, असं कोणाला म्हणायचं असेल तर त्यानं कुपवाडला यावं आणि माझ्या तोंडावर म्हणावं.

मी महानंदा आवटी. 'नंदाक्का लोणचे' या बाटलीवर जो बाईचा चेहरा आहे तो माझा आहे, फक्त नाक चित्रकारानं मनानं घातलंय. शाळा मी चौथीपर्यंत केली. लोणचं मात्र कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत, त्यामुळं त्या विषयात शिकलेले आणि मी सारखेच.

तर सुपली. तिचं खरं नाव इंग्रजीत आहे आणि ते उच्चारताना माझी कवळी सरकते. आमच्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात तिला सुपली करून टाकलं, कारण तिचं काम तेच. सुपलीत धान्य घेऊन पाखडलं की दाणा राहतो आणि फोल उडून जातं. ही धान्य पाखडत नाही, माणसांचं काम पाखडते.

कशी, ते मला मृणालनं, म्हणजे सुनेनं, समजावलं. भिंतींवर वाटीएवढे कान, छताला डोळे आणि प्रत्येकीच्या मनगटात एक पट्टी. आपला हात हलायच्या आधी डोक्याकडून हाताकडं वीज येते म्हणे, मुंगीच्या पावलाएवढी. पट्टी ती वीज वाचते. हात कुठं जाणार हे सुपलीला हाताच्या आधी कळतं, आणि तिथं जाऊन त्यानं काय मिळवलं तेही कळतं. मग ती एकच हिशेब लावते. जी हालचाल गिऱ्हाइकाच्या ताटापर्यंत पोचते ती दाणा, जी पोचत नाही ती फोल. उगाच चालणं फोल, वाट बघत उभं राहणं फोल, गरजेपेक्षा जास्त कैऱ्या आणून ठेवणं फोल, एकच झाकण दोनदा पुसणं फोल.

ही विद्या तशी जुनी, जपानकडच्या मोटारींच्या कारखान्यांतली. पूर्वी ती शिकवायला साहेब लोक देशोदेशी फिरायचे. फळ्यावर बाण काढायचे, जेवायचे आणि परत जायचे. ते गेले की बायका पुन्हा आपल्या पद्धतीनं. सुपली जात नाही, हा तिच्यातला आणि साहेबातला फरक.

दुसरा फरक विरजणाचा. शेजारणीकडून चमचाभर विरजण आणलं की आपल्या घरचं दूध तिच्या दह्यासारखं लागतं, तसंच हे. एका सुपलीनं कुठं काही छोटासा बदल केला आणि तो फळला, की तो जगातल्या सगळ्या सुपल्यांना जातो. दवाखाना असो, बँक असो, चपलांचं दुकान असो. आणि जिचे बदल फळतात तिच्या शब्दाला बाकीच्यांत वजन येतं. कोणी साहेब मध्ये नाही. आमच्या मुमताजचा कैरी फोडून फोडून धरलेला खांदा सुटला तो ब्राझीलमधल्या एका खाटकाच्या हाताची धाटणी सुपलीनं तिला शिकवली म्हणून. खोटं कशाला बोलू? खांदा खरंच सुटला. मीठ-मोहरीची जागा बदलली, बायकांची पायपीट थांबली. परदेशातली मोठी दुकानं आता सुपली नसलेल्या घरचा माल घेतच नाहीत, त्यामुळं तिला हाकलायचा प्रश्नही नव्हता.

एकच वाईट खोड होती तिला. 'का' विचारायची. एकदा विचारून भागायचं नाही, पाचदा विचारायची. पाचव्या 'का'च्या खाली खरं कारण सापडतं म्हणे. मला ती कावळीण वाटायची.

आता वन्सं.

तारावन्सं म्हणजे माझ्या मालकांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षाच्या आत माहेरी परत आल्या. का आल्या ते मला कोणी सांगितलं नाही, आणि त्या घरात विचारायची पद्धत नव्हती. मी नवरी होऊन आले तेव्हा त्या दारात उभ्या होत्या. मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "नंदे, माप हळू ओलांड, तांदूळ आमचे आहेत."

तेव्हापासून मी त्यांची नंदे. आई गेली, सासूबाई गेल्या. मालक तर मला हाकच मारायचे नाहीत, खाकरायचे. आता सगळ्या गावाची मी आक्का आणि सुनेची आई. नंदे म्हणणारं तोंड जगात एकच उरलेलं.

कारखान्यात वन्संचं काम एकच. रोज दुपारी पिंपांच्या खोलीत जायचं. तिथं लोणचं मुरायला ठेवलेलं असतं, पिंपाच्या तोंडाला दादरा बांधून. वन्सं दादऱ्याला कान लावायच्या, कापडातूनच वास घ्यायच्या आणि डोळे मिटून सांगायच्या, "निजलंय." म्हणजे अजून काढू नका. किंवा "उठलंय." म्हणजे काढा. कधीकधी "कूस बदललीय" असंही म्हणायच्या, त्याचा अर्थ आजवर कोणाला लागलेला नाही.

मी त्यांच्या मागं मागं जायची.

"वन्सं, लोणचं आहे ते, बाळंतिणीचं पोर नव्हे."

"तुला लोणच्यातलं काय कळतंय नंदे? तुझा नुसता बाटलीवर फोटो."

"आणि तुम्ही नुसतं बसून खाताय ते?"

"बसून कुठं? उभी आहे की. डोळे तपासून घे."

असं रोज. बायका हात न थांबवता ऐकायच्या आणि हसू दाबायच्या. मी वन्संना फुकटखाऊ म्हटलेलं आहे, बिनकामाची म्हटलेलं आहे, पिंपाला टेकण म्हटलेलं आहे. अजूनही म्हणीन.

एके दिवशी जेवणाची सुट्टी संपत होती. वन्संनी नुकताच एका पिंपाला कान लावला होता. भिंतीवरून सुपली बोलली. ती बातम्या देणाऱ्या बाईसारखी बोलते, प्रत्येक शब्द इस्त्री केलेला.

"नंदाक्का, एक निरीक्षण आहे. तारा आवटी यांच्या फेरीचा लोणच्याशी संबंध आढळला नाही. त्या ज्याला 'निजलंय' म्हणाल्या ते पिंप आणि ज्याला 'उठलंय' म्हणाल्या ते पिंप, दोन्हींचं लोणचं सारखंच निघालं. रुपया उडवून ठरवलं असतं तरी इतकंच बरोबर आलं असतं. आंबटपणा, मीठ आणि फोडीचा मऊपणा पिंपात बसवलेली चकती सांगते. ही फेरी फोल आहे."

सगळ्यांचे हात थांबले.

मला आनंद व्हायला हवा होता. इतकी वर्षं मी जे ओरडून सांगत होते तेच आता अख्ख्या जगाचं शहाणपण भिंतीवरून सांगत होतं. मी हसलेसुद्धा. पण हसता हसता माझ्याच तोंडून निघालं, "जास्त बोलू नकोस गं."

"विधान चुकीचं आहे का?" सुपलीनं विचारलं.

आता काय सांगू? चुकीचं नव्हतं.

वन्संनी दादऱ्याची गाठ नीट बांधली. पदर खांद्यावर घेतला. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "शेवटी यंत्राकडून म्हणवून घेतलंस."

"मी? मी कुठं काय म्हणवून घेतलं?"

"जन्मभर तेच म्हणत आलीस की."

"मी म्हटलं म्हणून काय झालं? मी म्हणते ते वेगळं!"

"काय वेगळं?"

काय वेगळं ते मला सांगता येईना. शब्द तोच होता. मी म्हणायचे तेव्हा तो खोटा नव्हता, पण खराही नव्हता. आता तो नुसता खरा झाला होता. तोच शब्द दोन तोंडांत दोन गोष्टी कसा होतो? मी मृणालकडं बघितलं. ती शिकलेली, म्हटलं तिला ठाऊक असेल. ती आपल्या पायाच्या बोटांकडं बघत होती.

"बरं," वन्सं म्हणाल्या आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मला वाटलं फुगल्यात, फुगू देत. पण घरी येऊन बघते तर फुगलेल्या अजिबात नाहीत. स्वयंपाकघर लख्ख, डबे ओळीत, चहाचं आधण बरोबर माझ्या चपला वाजल्या की चढलेलं. मृणालनं घरासाठीसुद्धा एक छोटी सुपली आणून ठेवली होती. तिच्याशी वन्संचं गूळपीठ जमलेलं. एक पाऊल वाया नाही, एक शब्द वाया नाही.

आणि मग त्या म्हणाल्या, "नंदाक्का, चहा झालाय."

मी मागं वळून बघितलं. कोणाला म्हणाल्या? मागं कोणी नव्हतं.

"काय म्हणालात?"

"चहा झालाय, नंदाक्का. साखर कमी घातलीय, तुमच्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं."

तुमच्या! वन्संनी मला अहोजाहो करावं? थोरल्या नणंदेनं? मी म्हटलं, "वन्सं, बरं वाटत नाही का?" तर म्हणाल्या, "छान आहे. उगाच बोलण्यात वेळ जातो, एवढं आता लक्षात आलंय." आणि कप उचलून विसळायला गेल्या. मी चहा अजून प्यायलेसुद्धा नव्हते.

मग माझ्या हातात काय शिरलं कोण जाणे.

आमच्याकडं शेवटचं कालवण मी स्वतः करते. फोडी, मोहरीची डाळ, हळद, तिखट, हिंग आणि मीठ. मिठाची परात दुसऱ्यांदा उचलली की समोर लाल दिवा लागतो. मी म्हटलं, मला दिवा दाखवतेस? ज्या बाईचा फोटो बाटलीवर आहे तिला? आणि ओतलं मीठ. दुसऱ्या दिवशी परत दिवा, परत मी.

मुमताजनं बोटावर घेऊन चाखलं. तिचा एक डोळा आपोआप मिटला. "आक्का, जरा खारं वाटतंय."

"तुझी जीभ खारी आहे."

दुसरीनं चाखलं. तिचे दोन्ही डोळे मिटले. मी स्वतः चाखलं आणि वर तांब्याभर पाणी प्यायले. मग कमरेवर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "माझा हात चुकणं शक्य नाही. इथं कुठंतरी पाणी मुरतंय!"

आता मराठी माणूस असं म्हणतो तेव्हा काय म्हणायचं असतं ते तुम्हांला कळलं. सुपलीला कळलं नाही.

सकाळी कारखान्यात येऊन बघते तर पिंपांच्या खोलीत चार माणसं मशिन लावून फरशी फोडत होती. सिमेंटची धूळ, पिंपांवर ताडपत्र्या, आणि बायका तोंडाला पदर लावून दारात.

"अगं ए! हे काय चालवलंयस?"

"तुमच्या सूचनेनुसार तपासणी चालू आहे, नंदाक्का. पाणी कुठं मुरतंय ते अजून सापडलेलं नाही."

"बंद कर आधी! पाणी मुरणं म्हणजे पाणी मुरणं नव्हे!"

मशिन थांबलं. सुपली म्हणाली, "ही सूचना सगळ्या सुपल्यांना गेली होती. बऱ्याच ठिकाणी फरशा उघडल्या. पोर्तुगालमधल्या एका बेकरीखाली खरोखर फुटका पाइप सापडला. एका शाळेखाली दुसरा. त्यामुळं तुमच्या वाक्याचं वजन वाढलं आहे."

"माझ्या वाक्याचं वजन?"

"यापुढं तुम्ही कारण म्हणून जे सांगाल ते सगळीकडं आधी ऐकलं जाईल."

छाती जरा फुगलीच माझी, नाही कशाला म्हणू? पण मी तिला समजावलं, की बाई, कुठंतरी पाणी मुरतंय म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे, कोणीतरी काहीतरी लपवतंय.

"म्हणजे मुरणं वाईट," ती म्हणाली. "मग लोणचं मुरतं तेव्हा लोणच्यात काळंबेरं असतं?"

"नाही, नाही. लोणचं मुरणं चांगलं."

"आणि माणूस मुरलेला असेल तर?"

"तो लबाड. म्हणजे अनुभवी. म्हणजे..." मी फोडलेल्या फरशीच्या कडेवर बसले. "कोण म्हणतंय आणि कोणाला म्हणतंय, त्यावर आहे."

"नोंद केली," सुपली म्हणाली. ती कशाची नोंद केली ते देव जाणे. मलाच मी काय म्हटलं ते कळलं नव्हतं. आणि लगेच तिनं सुरू केलं, "लोणचं खारट झालं. का?"

मला उठून जाता आलं असतं. पण बायका बघत होत्या, आणि एका भिंतीपुढं मी पळ काढला असं व्हायला नको होतं.

"हात चुकला."

"का?"

"लक्ष नव्हतं."

"का?"

"या खोलीकडं बघत होते."

"दुपारी या खोलीत कोणी नसतं. का बघत होतात?"

"वन्सं आत आहेत असं वाटतं. त्यांना बोलायचं असतं मला."

"त्यांच्याशी बोलून लोणच्याला काही मिळत नाही. का बोलायचं असतं?"

हा पाचवा होता.

माझ्या तोंडात शब्द नाही असं माझ्या लग्नातही झालं नव्हतं. मुमताज बघत होती, मृणाल बघत होती, फरशी फोडणारी चार माणसंसुद्धा मशिनवर रेलून बघत होती. मला इतका राग आला की म्हटलं, "हे बघ. प्रत्येक घरात एक वन्सं लागतेच. कशाला ते विचारू नकोस. लागते म्हणजे लागते!"

"नोंद केली," सुपली म्हणाली.

चार दिवस गेले असतील. मी काटेकोरपणे दिवा बघून मीठ घालत होते. मृणाल फोन घेऊन धावत आली, तिची एक चप्पल दारातच राहिली.

"आई, तुम्ही काय करून ठेवलंय?"

जगभरच्या सुपल्यांनी सगळ्यांकडं एक नवी जागा काढली होती. कारखाने, बँका, दवाखाने, विमानतळ, सगळीकडं. जागेचं नाव 'वन्सं'. मराठीतच, कारण त्यांना दुसऱ्या भाषेत शब्द सापडला नाही म्हणे. या जागेवरच्या माणसाला काम नाही. दुपारी एक फेरी मारायची, दुसऱ्यांच्या कामावर मत द्यायचं, आणि ते मत रुपया उडवल्याइतकंच बरोबर असायला हवं. जास्त बरोबर यायला लागलं तर माणूस बदलायचा. जर्मनीतल्या एका दवाखान्यानं निवृत्त झालेल्या कंपाउंडरला वन्सं नेमलं होतं. केनियातल्या फुलांच्या मळ्यावर एक दाढीवाला वन्सं झाला होता, त्याचा फोटो मृणालनं दाखवला.

"मग फरक पडला का?" मी विचारलं.

"काही ठिकाणी चुका कमी झाल्या. काही ठिकाणी वाढल्या. कोणालाच काही कळत नाहीये."

संध्याकाळी पोलंडमधून एका बाईचा फोन आला. समोर चेहरा दिसत होता, बोलणं आपोआप मराठीत येत होतं. बिचारी फार गोंधळली होती. तिनं विचारलं, वन्सं वयानं मोठी हवी की लहान? भांडण चहाच्या आधी करायचं की नंतर? आमच्याकडची वन्सं फार प्रेमळ आहे, चालेल का?

"प्रेमळ अजिबात नको," मी म्हटलं. एवढंच मला नक्की माहीत होतं. बाकीचं मी तोंडाला येईल ते सांगितलं. ती लिहून घेत होती.

आणि मग सुपलीनं आमच्यावर बोट ठेवलं. "जगात सगळीकडं वन्सं आहेत. मूळ ठिकाणी जागा रिकामी आहे. ती भरल्याशिवाय हे ठिकाण नियमात बसत नाही."

मृणाल म्हणाली, "आई, तुम्हीच जाऊन सांगा. मी सांगितलं तर नातं मध्ये येईल."

"आणि मी सांगितलं तर काय मध्ये येईल?"

पण गेले. वन्सं पाटावर बसून कढीपत्ता निवडत होत्या, प्रत्येक पान एकाच झटक्यात. मी म्हटलं, "वन्सं, तुमची नेमणूक झालीय."

"कशावर?"

"वन्सं म्हणून."

त्यांनी हातातली काडी खाली ठेवली. "ती मी आधी नव्हते का?"

मी म्हटलं, "आता जगानं मान्य केलंय."

"असं. मग यायला हवं, नंदाक्का. नेमणूक आहे म्हटल्यावर."

दुसऱ्या दिवशी दुपारी वन्सं आल्या. मनगटात पट्टी, डोक्यावर पदर. पिंपांच्या खोलीत नवी फरशी बसवली होती, तिच्यावर त्या जपून चालल्या. मी मागं. दारात बायका, मृणाल, आणि कुठून कुठून बघणारे पडद्यावरचे चेहरे. पोलंडची बाईही त्यांत होती, वही घेऊन.

"बोलण्याची वेळ झाली आहे," सुपली म्हणाली.

वन्सं माझ्याकडं बघायला लागल्या. मी वन्संकडं.

"बसून खाता तुम्ही," मी म्हटलं. आवाज माझा नव्हताच, शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरं बोलतात तसा.

"हो का. तुमचा नुसता बाटलीवर फोटो," वन्सं म्हणाल्या. तुमचा!

"बरोबर आहे."

"आभारी आहे."

इतकं कसनुसं झालं की मुमताजनं तोंड फिरवलं. सुपली म्हणाली, "अपेक्षित परिणाम दिसत नाही. का?"

वन्संनी कोपऱ्यातल्या पिंपाजवळ जाऊन दादऱ्याला कान लावला. डोळे मिटले. बराच वेळ तशाच उभ्या. मला वाटलं त्याच निजल्या.

"निजलंय," त्या हळूच म्हणाल्या.

"दुरुस्ती," सुपली म्हणाली. "हे पिंप तयार आहे. तारा आवटी यांचं मत चुकलं आहे."

"तुला कोणी विचारलं गं?" मी कडाडले. खोली घुमली. "सारखं मध्ये मध्ये! त्या म्हणतात निजलंय तर निजलंय! जन्म काढलाय त्यांनी या पिंपांजवळ. तू कालची पोरगी, तुझ्या सात पिढ्यांनी कैरी बघितली होती का?"

"अगं, ओरडतेस काय तिच्यावर?" वन्सं वळल्या. "बरोबर सांगतेय ती. उठलंच असेल. मला कुठं कळतंय?"

"तुम्हांला कळत नाही?"

"कधी कळत होतं? मला आवडतं ते म्हणायला."

"मग इतकी वर्षं मी पिंपं काढली ती काय तुमच्या आवडीवर?"

"मग कोणाच्या काढणार होतीस? तुझ्या? तुला लोणच्यातलं काय कळतंय नंदे! मीठ दोनदा घालतेस म्हणे. मुमताजनं सगळं सांगितलंय मला."

"मुमताज!"

"तिला बोलू नकोस. मला बोल."

"तुम्हांलाच बोलतेय! फुकटखाऊ!"

"फोटो!"

"टेकण!"

वन्संनी मनगटातली पट्टी सोडली, दादऱ्यावर ठेवली आणि मला बोट दाखवायला हात मोकळा करून घेतला. पडद्यावरची पोलंडची बाई भराभर लिहीत होती. मग तिनंही पेन खाली ठेवलं.

आम्ही दोघी दमलो तेव्हा सुपली बोलली. यावेळी जरा हळू. "या संभाषणात तारा आवटी यांनी आपली फेरी निरुपयोगी असल्याचं मान्य केलं. तुम्हीही तेच म्हणालात. मीही तेच म्हणाले होते. फरक शोधता आला नाही. हे फोल आहे का?"

"आहे," मी म्हटलं.

"मग काढून टाकू?"

"असू दे."

"'असू दे' म्हणजे ठेवायचं की सोडून द्यायचं?"

मी वन्संकडं बघितलं. वन्सं डोळ्यांवरून पदर फिरवत होत्या, घाम होता की काय होतं, मला माहीत नाही. त्या म्हणाल्या, "दोन्ही नाही गं बाई. असू दे म्हणजे असू दे."

सुपली गप्प झाली. 'नोंद केली' म्हणाली नाही. आम्ही वाट बघितली. बायका आपापल्या जागी गेल्या, लाल दिवा लागला नाही, हिरवाही लागला नाही. मृणाल फोनवर बोटं मारत होती. "आई, सगळीकडच्या गप्प आहेत. दवाखान्यातली, विमानतळावरची, सगळ्या. चालू आहेत, पण बोलत नाहीत. बिघडल्या की विचार करताहेत, काही कळत नाही."

मला कुठं कळतंय? दुसऱ्या दिवशी त्या परत बोलायला लागल्या. पण आता मधूनच काही बघतात, 'एक निरीक्षण आहे' म्हणतात आणि पुढं काही सांगतच नाहीत. सुपलीच्या कंपनीचे लोक येऊन वायरी तपासून गेले. दोष सापडला नाही म्हणाले. गुण सापडला असंही म्हणाले नाहीत.

भांडणाच्या त्या दुपारी मात्र वन्सं पिंपाला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "नंदे, चहा टाक. घसा सुकला."

मी टाकला, माझ्या हातानं. साखर एकदा घातली की दोनदा ते आठवत नाही. वन्संनी कपाला आधी कान लावला, मग एक घोट घेतला, डोळे मिटले.

"निजलाय गं नंदे," त्या म्हणाल्या.

चहा कधी निजतो का? विचारायला तोंड उघडलं होतं मी. पण त्यांनी दुसरा घोट घेतला, म्हणून राहू दिलं.